चाळिशी लागलीय, पन्हाळ्याच्या चढावर सायकल कॉम्प्युटरचे आकडे दिसत नाहीत. कोणता घ्यावा?

मॉडेलच्या नावापेक्षा आकड्याची उंची बघा. हँडल डोळ्यांपासून साधारण 60 ते 70 सेंमीवर असतं; तिथे मुख्य आकडा निदान 12 ते 15 मिमी उंच हवा. स्क्रीन मोठी म्हणजे आकडे मोठे, असं नाही. एका पानावर आठ रकाने भरले तर गार्मिन एज 1040 या कॉम्प्युटरची 3.5 इंची स्क्रीनही कुचकामी. दोन-तीनच ठेवा: वेग, अंतर, चढ. वाहू एलेमंट या दुसऱ्या कॉम्प्युटरला बाजूच्या बटणांनी रकाने कमी करून आकडे मोठे करता येतात, ही सोय फार कामाची.

पांढऱ्यावर काळे आकडे निवडा. टचपेक्षा बटणं बरी. कोल्हापूरच्या पावसात ओल्या काचेवर टच भलतंच काहीतरी उघडतो. पोलराइज्ड (चकाकी कापणारा) गॉगल असेल तर दुकानातच घालून बघा, काही कोनांत स्क्रीन काळी पडते.

माउंट, म्हणजे कॉम्प्युटर बसवायची पट्टी, स्टेमवर (हँडल धरून ठेवणाऱ्या नळीवर) नको, हँडलच्या पुढे येणारा घ्या. कॉम्प्युटर लांब गेला की चाळिशीच्या डोळ्याला उलट सोपं पडतं.

एवढ्यानं भागलं नाही तर गॉगलच्या खालच्या भागात चिकटवायची भिंगं मिळतात. पण पेपर वाचायचा +2.5 नंबर इथे चालत नाही, तो 40 सेंमीसाठी असतो. लांबचं स्वच्छ दिसत असेल तर 65 सेंमीला +1.5 पुरतो.