विकतची लिस्ट आणि खरी चौकशी : विमा एजंटांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, मी चिंचवडला राहतो, मूळ गाव लातूरकडचं. आठ महिन्यांपूर्वी एजन्सी घेतली. घरचे, मित्र, रूम पार्टनर असं करून नऊ पॉलिसी झाल्या आणि आता सगळं थांबलंय. इथे शहरात ओळखी नाहीत. व्हॉट्सअॅपवर एक जण १०,००० नंबरांची लिस्ट ३,५०० रुपयांत देतोय, फाईलचं नाव 'पुणे सॅलरीड कार ओनर'. दुसरीकडे एक कंपनी म्हणते की एक लीड ३०० रुपये, पण लोकांनी स्वतः फॉर्म भरलेला असतो. लिस्टमधला नंबर पस्तीस पैशाला पडतो म्हणून मन तिकडे ओढतंय. काय करू?

उत्तर : दादा, लिस्ट घेऊ नका. हे मी ऐकून नाही सांगत, मी घेतली होती. २०१३ ची गोष्ट, नाशिकला मला तेव्हा दहा वर्षं झाली होती या धंद्यात, तरी मार्च तोंडावर आला आणि टार्गेट दिसेना म्हणून एका माणसाकडून एक्सेलची फाईल घेतली. नाव, मोबाईल, एरिया, आणि शेवटी 'इन्कम' म्हणून एक कॉलम, त्यात सगळ्यांपुढे तोच आकडा, म्हणजे कुणीतरी वरून खाली ओढून भरलेला! एकच माणूस तीनदा, एकदा आडनाव आधी, एकदा नाव आधी, एकदा स्पेलिंग वेगळं. मी वहीत खुणा करत फोन लावत होते, बंद नंबर, राँग नंबर, कट केला, आणि जे बोलले ते पहिल्यांदा हेच विचारायचे की माझा नंबर कुठून मिळाला.

त्यातला एक फोन अजून आठवतो. बाईंनी उचलला, मी साहेबांचं नाव घेऊन म्हटलं की बोलायचं होतं, तर त्या म्हणाल्या, "ते नाहीत हो आता, फेब्रुवारीत गेले. तुम्ही कोण?" मला स्वतःचं नाव सांगताना जीभ जड झाली. सॉरी म्हणून फोन ठेवला आणि फाईल बंद केली ती कायमची. आपण ज्या घरात दुःखाच्या वेळी उपयोगी पडायचं म्हणून हे काम करतो, त्याच घरात मी विकत घेतलेला नंबर लावून धडकले होते, त्याचं फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

आता पस्तीस पैशाचा हिशोब. रोज ६० फोन लावले तरी १०,००० नंबरांना साडेपाच महिने लागतील, एकही सुट्टी न घेता. ही खरी किंमत आहे. आणि समोरचा माणूस आधीच पोळलेला असतो, 'तुमच्या बंद पॉलिसीचा बोनस मंजूर झालाय, आधी एवढे पैसे भरा' असले फसवे फोन त्याला येऊन गेलेले असतात, कधी तर आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावाने पण येतात, आणि आयआरडीएआयने वेळोवेळी सांगितलंय की आम्ही विमा विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. त्याच रांगेत तुमचा फोन जातो. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, पहिली दोन मिनिटं त्याला ते कळायला मार्गच नसतो.

कायद्याचं पण नीट समजून घ्या, कारण नवीन मुलांना हे कुणी सांगत नाही. आपल्या साध्या दहा आकडी मोबाईलवरून अनोळखी लोकांना धंद्याचे फोन लावले की ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या भाषेत तुम्ही नोंदणी नसलेले टेलिमार्केटर होता. लोक १९०९ वर किंवा डीएनडी अॅपवर तक्रार करतात. १३ ऑगस्ट २०२४ ला ट्रायने मोबाईल कंपन्यांना आदेश दिला की अशांचे सगळे नंबर तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. विचार करा, तुमच्या नऊ पॉलिसीवाल्यांकडे तुमचा हाच नंबर सेव्ह आहे. उद्या कुणाच्या घरी अॅडमिट करायची वेळ आली आणि तुमचा फोनच लागत नाही, तर? शिवाय २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होतायत, आणि त्यात सगळा भर माणसाच्या स्पष्ट संमतीवर आहे. त्या फाईलमधल्या एकानेही तुम्हाला संमती दिलेली नाही.

मग ३०० रुपयेवाली लीड घ्यावी का? बघून घ्या. माझ्या लेखी खरी लीड म्हणजे माणसाने स्वतः विमा विचारलाय, कुठला विचारलाय आणि कधी विचारलाय ते आपल्याला माहीत आहे, आणि 'मला फोन करा' असं तो म्हणालाय. त्या कंपनीला सांगा की लोक जो फॉर्म भरतात तो मला दाखवा. फॉर्मवर 'फ्री हेल्थ चेकअप' नाहीतर 'लकी ड्रॉ' लिहिलेलं असेल तर ती लीड नाही, ती पुन्हा लिस्टच, फक्त महाग. संमतीची ओळ वाचा, त्यात एजंट फोन करेल असं आहे का ते पहा. हीच लीड अजून किती जणांना विकता हे लेखी मागा, कारण चार एजंटांचे फोन जाऊन बसल्यावर पाचवा तुम्ही असाल तर तो बिचारा माणूस वैतागलेलाच असणार. आणि फॉर्म कधी भरला? आज सकाळी भरला असेल तर त्याच्या डोक्यात विषय ताजा असतो, तीन आठवडे झाले असतील तर त्याने एक तर घेऊन टाकलाय किंवा विसरलाय.

एवढं पटलं तर फक्त २० घ्या, ६,००० रुपयांच्या. किती लागले, किती बोलले, किती भेटले, किती पॉलिसी झाल्या ते लिहून ठेवा. दोन झाल्या तर एक पॉलिसी ३,००० ला पडली, मग आपलं पहिल्या वर्षाचं कमिशन समोर ठेवून ठरवा.

पण मला खरं बोलायचंय ते तुमच्या नऊ पॉलिसींबद्दल. गाडी थांबली म्हणताय, तर सांगा, ते नऊ बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचे कागद, हातात देऊन आल्यावर परत त्या घरी गेलात का? जा. प्रत्येकाचा नॉमिनी तपासा. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीत आई नॉमिनी असते, लग्न होतं, मूल होतं, आणि नॉमिनी बदलायचं राहून जातं. बँक खातं बदललं का, पत्ता बदललाय का, बॉण्ड कुठे ठेवलाय ते बायकोला माहीत आहे का. घरात आधी कुणाची काढलेली जुनी पॉलिसी असेल तर तीही बघा, तुमचं कमिशन नसलं तरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक टर्म आणि मेडिक्लेमच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, हे अजून कितीतरी घरांत नीट कळलेलं नाही, तेही सांगा. एवढं करून उठताना सरळ म्हणा, "तुमच्या ऑफिसात हल्लीच कुणाचं लग्न झालंय का, कुणी घराचं लोन घेतलंय का? त्यांना आधी तुम्ही विचारा मी फोन केला तर चालेल का, हो म्हणाले तरच नंबर द्या." 'कुणी असेल तर सांगा' म्हटलं की कुणी आठवत नाही, लग्न किंवा लोन म्हटलं की लगेच चेहरा डोळ्यांसमोर येतो. आणि तो माणूस 'हो' म्हणून आलेला असतो, त्यामुळे नंबर कुठून मिळाला हा प्रश्नच येत नाही.

लातूरकडची पुण्यात आलेली मुलं पण तुमचीच माणसं आहेत हो, ओळखी नाहीत असं कसं म्हणता.

प्रश्न : संगमनेरला टू-व्हीलर शोरूममधला ओळखीचा सेल्समन म्हणतो, गाडी घेणाऱ्यांचे नंबर देतो, पॉलिसी झाली की मला ५०० दे. हे तर विकतच्या लिस्टपेक्षा बरं ना?

उत्तर : बरं वाटतं, पण नको. त्या गिऱ्हाइकाने नंबर गाडीसाठी दिलाय, तुमच्यासाठी नाही. दुसरं म्हणजे विमा कायदा १९३८ चं कलम ४०, ज्याच्याकडे एजन्सी किंवा तसं लायसन्स नाही त्याला धंदा आणून दिल्याबद्दल पैसे देता येत नाहीत. त्याला खरंच रस असेल तर तो स्वतः पीओएसपी, म्हणजे साध्यासोप्या पॉलिसी विकायची परवानगी असलेला विक्रेता होऊ शकतो, दहावी पास आणि १५ तासांचं ट्रेनिंग, मग राजरोस काम करू दे. आणि याच्याच शेजारचं कलम ४१ पण पाठ करा, गिऱ्हाइकाला 'पहिल्या हप्त्यातले काही मी भरतो' म्हणणं त्यात येतं, दंड १० लाख रुपयांपर्यंत. सगळेच करतात असं सांगणारे भेटतील, त्यांच्यावर जाऊ नका.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची. मी अशी लिस्ट दिवाळीआधीच घेऊन बसलेय, चारशे एक फोन पण झाले. आता पैसे तर गेले, उरलेल्या फाईलचं काय करू?

उत्तर : डिलीट करा. मोबाईलमधून, लॅपटॉपमधून, व्हॉट्सअॅपच्या चॅटमधून पण. ब्रँचमधल्या नवीन मुलीला 'फुकट आहे, घे' म्हणून फॉरवर्ड करू नका. चारशे फोनांत कुणी नीट बोललं असेल, 'पगार झाला की फोन करा' असं स्वतःहून म्हणालं असेल, असे दोन-तीन तरी निघतील. त्यांची नावं हाताने डायरीत उतरवून घ्या, काय म्हणाले ते शब्दही लिहा, आणि सांगितलेल्या दिवशी फोन करा. नंबर कुठून मिळाला असं त्यांनी विचारलं तर खरं ते सांगा, आणि 'नको' म्हणाले तर ते पान फाडून टाका.