कोरा ब्लॉट आणि सी१७९

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वेस्टर्न ब्लॉटचा (प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची आणि अँटिबॉडीने शोधायची, ती चाचणी) फोटो मिळाला. आकार दाखवणारा मार्कर छान दिसतोय, बाकी मेम्ब्रेन कोरं. "अँटिबॉडी खराब निघाली, दुसरी मागवू का?" असं तू विचारतेस. इतक्यात मागवू नकोस. मला वाटतं अँटिबॉडी ठणठणीत आहे, आणि तुझा हातही चुकलेला नाही. चुकली आहे ती पद्धतीची निवड.

तुझ्याकडचा क्लोन सी१७९. फ्लू विषाणूच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन (एचए) या प्रथिनावरचा हा उंदराचा मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून आलेली, एकच जागा ओळखणारी अँटिबॉडी) जपानमधल्या ओकुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. उंदरांना टोचला होता १९५७चा एच२एन२ विषाणू, पण मिळालेली अँटिबॉडी एच२बरोबर एच१लाही निष्प्रभ करत होती (एच१, एच२, एच३ हे हिमॅग्लुटिनिनचे प्रकार). हे मला आजही विलक्षण वाटतं. फ्लूवरच्या बहुतेक प्रभावी अँटिबॉडी हिमॅग्लुटिनिनच्या डोक्याला चिकटतात, आणि डोकं सतत बदलत राहतं. सी१७९ खालचा दांडा पकडते, जो फारसा बदलत नाही. तिथेही तिला एकसलग तुकडा लागत नाही. हिमॅग्लुटिनिनचे एचए१ आणि एचए२ असे दोन भाग जोडलेले असतात. एचए१मधले ३१८ ते ३२२ आणि एचए२मधले ४७ ते ५८ या दोन पट्ट्यांतले अमिनो आम्ल प्रथिन घडी होऊन शेजारी आले, की तिची जागा तयार होते.

आता तू काय केलंस ते बघ. नमुना एसडीएस आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं घालून उकळलास. घडी मोडली, एचए१ आणि एचए२ना जोडणारा डायसल्फाइड बंध तुटला, आणि जेलमध्ये एक पन्नाशीच्या आसपास किलोडाल्टनला गेला, दुसरा पंचविशीच्या. सी१७९ला हवी असलेली जागा त्या मेम्ब्रेनवर उरलीच नव्हती. मग बँड कुठून येणार?

वेस्टर्नच करायचा असेल तर सलग तुकडा ओळखणारी अँटिबॉडी घे. त्याचं सगळ्यांच्या माहितीतलं उदाहरण म्हणजे १२सीए५. ती एच३ फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनमधल्या कृत्रिम पेप्टाइडवर (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावर) तयार केली होती, आणि सलग नऊ अमिनो आम्ल तिला पुरतात. प्रथिन उकळलेलं असलं तरी अडत नाही. त्याच नऊ अमिनो आम्लांचा पुढे "एचए टॅग" झाला, म्हणजे कुठल्याही प्रथिनाला जोडून ते शोधायची खूण. तुझ्या शेजारच्या बेंचवर तो रोज वापरात असेल. पण तुझ्या एच१साठी ती उसनी आणू नकोस. ते नऊ एच३चे आहेत, एच१मध्ये त्या जागी क्रम वेगळा आहे. आणि शेजारच्यांना माझा एक निरोप दे: एच३ विषाणूने बाधित पेशींत एचए टॅग वापरू नका, अँटिबॉडी विषाणूचं प्रथिनही पकडेल. शिवाय पेशी ॲपॉप्टोसिसकडे (नियोजित मृत्यूकडे) वळल्या की कॅस्पेस ही प्रथिनं कापणारी एन्झाइम तो टॅगच कापतात, हे २००७ साली दाखवलं गेलंय. फ्लूने बाधित पेशी तर नेमक्या त्याच वाटेने जातात.

तू एचआय टेस्टही (विषाणूला रक्तपेशींना चिकटण्यापासून अँटिबॉडी रोखते का, ते बघणारी) लावणार आहेस म्हणून आधीच सांगून ठेवतो. प्लेट तिरकी धरशील तेव्हा रक्तपेशींच्या थेंबाचा ओघळ उतरताना दिसणार नाही. विषाणू घातलेल्या सगळ्या खड्ड्यांत रक्तपेशींची जाळीच राहील. घाबरू नकोस. सी१७९ दांड्याला धरते, त्यामुळे डोकं मोकळं राहतं आणि रक्तपेशींना चिकटतंच. तिचं काम त्यानंतरचं आहे: पेशीच्या आत आम्लता वाढल्यावर हिमॅग्लुटिनिन घडी बदलतं आणि विषाणूचं आवरण पेशीच्या पडद्यात मिसळतं, तो टप्पा ती रोखते. म्हणून एचआय शून्य आणि न्यूट्रलायझेशन (विषाणू निष्प्रभ करणं) चांगलं, हे दोन्ही निकाल एकाच वेळी बरोबर असतात. "एचआय निगेटिव्ह" एवढं वाचून अशी अँटिबॉडी बाद करू नकोस, कुणी करत असेल तर अडव.

आता पुढचं काम. बाधित एमडीसीके पेशी (कुत्र्याच्या मूत्रपिंडापासूनच्या) बर्फावर ठेव, जिवंत असतानाच पृष्ठभाग अँटिबॉडीने रंगव आणि एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर बघ. कंट्रोलमध्ये काटकसर नको. बाधा न झालेल्या पेशी घे, त्याच आयसोटाइपची (उपप्रकाराची) असंबद्ध अँटिबॉडी घे, नुसती सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरणारी चमकती अँटिबॉडी) घे. आणि माझा खास आग्रह आहे तो एच३ने बाधित पेशींचा, कारण सी१७९ एच३ला धरत नाही. पण तिथे सिग्नल नाही दिसला की लगेच खूश होऊ नकोस. त्याच पेशी एच३वरच्या अँटिबॉडीने रंगवून बाधा झाली होती हे आधी सिद्ध कर. नाहीतर तो कंट्रोल काहीच सांगत नाही.

न्यूट्रलायझेशनला बसण्याआधी व्हायलबरोबरचा कागद नीट वाच. सोडियम अझाइड (अँटिबॉडी टिकवायला घातलेलं रसायन) लिहिलं असेल तर डायलिसिस करून ते काढ, मगच अँटिबॉडी वापर. अझाइडने पेशी मरतात, आणि कमी डायल्यूशनच्या खड्ड्यांत झालेलं नुकसान विषाणूचं की अझाइडचं ते तुला सांगता येणार नाही. व्हायल पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नकोस, छोटे भाग करून ठेव. वहीत "अँटी-एचए" एवढंच लिहून भागत नाही. क्लोन, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, किती मायक्रोग्रॅम वापरलं, सगळं त्याच दिवशी लिही.

फ्लोचे प्लॉट आले की कच्च्या फाइली पाठव, गेट (कुठल्या पेशी मोजायच्या त्याच्या सीमा) मी स्वतः लावून बघतो. एच३चा प्लॉट सगळ्यात आधी.

तुझा,
सर