जर्मनीत ग्लोबल स्टडीज: येण्याआधी काय ठरवावं

तू विचारलं आहेस ते थोडक्यात असं: राज्यशास्त्रात बीए, त्यानंतर दोन वर्षं स्थलांतरित मजुरांमध्ये काम, आता जर्मनीत ग्लोबल स्टडीजमध्ये मास्टर्स करायची इच्छा. कुठला अभ्यासक्रम घेऊ, खर्च किती येईल, आणि ‘हे शिकून पुढे काय?’ या घरच्यांच्या प्रश्नाला काय सांगू? मी लाइपझिगला हेच शिकले आणि इथेच नोकरीला लागले. घरच्यांचा प्रश्न आधी घेते. तो रास्त आहे आणि बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात.

या पदवीच्या नावावर इथे नोकरी मिळत नाही. नर्सिंग किंवा मेकॅनिकल म्हटलं की या माणसाला काय येतं ते समोरच्याला कळतं. ग्लोबल स्टडीज म्हटलं की मुलाखत घेणारी बाई कागदावरून नजर वर करते आणि विचारते, तुम्हाला नक्की काय काय करता येतं? हे उत्तर विद्यापीठ तयार करून देत नाही. दोन वर्षांत इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र अशा सगळ्यांतून फिरवून आणतात, पण मुक्काम कुठे करायचा ते तुझं तू ठरवायचंस. माझ्याबरोबरचे जे लवकर मार्गी लागले, त्यांनी पहिल्याच वर्षी एक विषय, एक प्रदेश आणि संशोधनाची एक पद्धत धरली होती. ज्यांनी सगळ्यातलं थोडं थोडं घेतलं ते हुशार असूनही पुढे बराच काळ चाचपडत राहिले. म्हणून घरी पदवीचं नाव सांगत बसू नकोस, प्रश्न सांग. तुझ्याकडे तो आहे: माणसं कामासाठी राज्याच्या, देशाच्या सीमा ओलांडतात तेव्हा त्यांच्या हक्कांची जबाबदारी कुणाची?

मग साधं समाजशास्त्र का घेऊ नये, असं तू विचारशीलच. अलंगचं उदाहरण घे. गुजरातच्या या किनाऱ्यावर 1983 पासून जुनी जहाजं तोडतात. जहाजाचा मालक कुठेतरी युरोपात असतो. शेवटच्या फेरीआधी एखादा मध्यस्थ ते रोखीनं विकत घेतो आणि त्यावर कोमोरोस किंवा पलाऊसारख्या देशाचा झेंडा चढवतो, म्हणजे कागदोपत्री जहाज त्या देशाचं होतं. प्रत्यक्ष तोडायला असतात उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले मजूर. कायद्याचा विद्यार्थी याकडे बघताना घातक कचरा देशाबाहेर नेण्यावरचा 1989 चा बाझेल करार, जहाजं तोडण्याविषयीचा युरोपियन युनियनचा 2013 चा नियम आणि 2009 मध्ये मंजूर होऊनही थेट 26 जून 2025 ला लागू झालेला, सुरक्षित जहाजतोडणीचा हाँगकाँग करार वाचेल. अर्थशास्त्रवाला भंगार पोलादाचा भाव काढेल. मानववंशशास्त्रवाली मजुरांच्या खोल्यांवर जाऊन बसेल. मजुराला अपघात झाला तर भरपाई मागायची कुणाकडे, हे मात्र या तिघांपैकी एकाला धड सांगता येत नाही, कारण उत्तराचा एक तुकडा झेंड्यात आहे, एक भावात आणि एक त्या खोलीत. असा प्रश्न ज्याला सतावतो त्यानं ही पदवी घ्यावी. ‘मला जगाविषयी कुतूहल आहे’ एवढंच भांडवल असेल तर वाचनालयाची वर्गणी स्वस्त पडते.

आता अभ्यासक्रम. लाइपझिगचं वळण इतिहासाकडचं आहे. जागतिकीकरण 1990 नंतर सुरू झालं असं तू पहिल्या आठवड्यात म्हणालीस तर दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते मत बदललेलं असेल. लाइपझिग ज्याचं समन्वयक आहे तो इरास्मुस मुंडुसचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या संयुक्त मास्टर्स योजनेतला, अभ्यासक्रम 2005 मध्ये सुरू झाला. त्यात एक वर्ष एका विद्यापीठात, दुसरं वर्ष दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात काढतात; व्हिएन्ना, पोलंडमधलं व्रोत्सवाफ, बेल्जियममधलं गेंट, डेन्मार्कमधलं रोस्किल्डे अशी नावं त्यात आहेत. ऐकायला छान वाटतं, आणि आहेही छान, पण दुसऱ्या देशाचा निवास परवाना, नवी खोली, नवी भाषा हे सगळं ऐन प्रबंधाच्या वर्षात पुन्हा करावं लागतं. फ्रायबुर्ग आणि बर्लिनचं हुंबोल्ट ही विद्यापीठं समाजशास्त्राच्या अंगानं जातात आणि काही काळ आशिया, आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकायला पाठवतात. फ्रायबुर्गच्या जोडीदारांत केप टाउन, बँकॉकचं चुलालोंगकोर्न यांच्यासोबत दिल्लीचं जेएनयूही राहिलेलं आहे. जर्मनीचा व्हिसा काढून शिकायला दिल्लीत, ही गंमत तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून आधीच बघून घे.

माहितीपत्रकांवरून निवड करू नकोस, ती सगळी एकाच माणसानं लिहिल्यासारखी असतात. शिकवणाऱ्यांची यादी उघड आणि गेल्या पाच वर्षांत त्यांनी काय लिहिलंय ते बघ. स्थलांतर आणि श्रम यांवर काम करणारे किमान दोघं तरी सापडले पाहिजेत, कारण एक जण संशोधनाच्या रजेवर गेला की प्रबंधाला मार्गदर्शक उरत नाही. जर्मन शिकायची तयारी असेल तर ओस्नाब्र्युक विद्यापीठही बघ. तिथली स्थलांतर-संशोधन संस्था 1991 पासून चालू आहे आणि तिचा स्वतःचा मास्टर्स अभ्यासक्रम आहे. शिकवणं मुख्यतः जर्मनमधून असल्यामुळे भारतातून तिकडे फारसं कुणी जात नाही. तुझ्या विषयासाठी मला तो ग्लोबल स्टडीजपेक्षाही नेमका वाटतो.

प्रवेशाच्या आकड्यांत एक खाच आहे. आपले टक्के इथे एका सूत्रानं 1.0 ते 4.0 च्या मोजपट्टीवर उतरवतात; त्यात 1.0 सर्वांत चांगलं आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास. 100 पैकी 40 ला उत्तीर्ण धरलं तर 60 टक्क्यांचे होतात 3.0, आणि 70 टक्क्यांचे 2.5. बऱ्याच ठिकाणी 2.5 किंवा त्याहून चांगलं मागतात. म्हणजे आपला फर्स्ट क्लास इथे पोहोचेपर्यंत बराच झिजतो. तुझे टक्के मधले असतील तर दोन वर्षांच्या कामाचं वजन हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये) दिसलं पाहिजे: कुठल्या मजुरांमध्ये, कुठले कागद हाताळलेस, कुठे अडलीस. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ हे वाक्य कृपा करून नको.

एपीएस प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याशिवाय, भारतीय विद्यार्थ्याचा व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. 1 नोव्हेंबर 2022 पासून ते सक्तीचं आहे. गुणपत्रिका जमवण्यात विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या किती फेऱ्या होतात ते तुला माहीत आहे, तेव्हा हे सगळ्यात आधी. अनेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज युनी-असिस्ट या सामाईक छाननी संस्थेमार्फत घेतात, तिथे पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30 युरो लागतात.

पैसे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीचं शुल्क नाही, फक्त दर सेमिस्टरचा ठरावीक भरणा असतो. फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग मात्र युरोपियन युनियनबाहेरच्यांकडून 2017 च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला 1,500 युरो घेतं, आणि काही अभ्यासक्रमांचं स्वतःचं वेगळं शुल्कही असतं. खरा डोंगर आहे ब्लॉक्ड अकाउंटचा. व्हिसासाठी एका वर्षाचे 11,904 युरो आधी भरून दाखवायचे, मग त्यातले महिन्याला 992 तुला मिळत राहतात. युरो 100 रुपयांच्या आसपास धरलास तर हे जवळजवळ 12 लाख झाले, आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. लाइपझिगला वसतिगृहात खोली मिळाली तर 992 मध्ये भागतं. विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्यालाच त्यातले 140-150 जातात. म्युनिकमध्ये खासगी खोली घेतलीस तर भागत नाही. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र हातात पडेल त्याच दिवशी टाक, आणि न बघता, करार न करता कुणालाही अनामत पाठवू नकोस. परदेशी विद्यार्थ्यांना फसवणाऱ्यांचा इथे धंदाच आहे.

या पदवीसाठी राहतं घर तारण ठेवून कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संगणकवाल्यांचं गणित वेगळं, ते हप्ते फेडू शकतात. आपल्या क्षेत्रात पहिला पगार उशिरा येतो आणि बेताचा असतो. त्यामुळे शिष्यवृत्तीसाठी एक अख्खं वर्ष थांबावं लागलं तरी थांब. इरास्मुस मुंडुसची शिष्यवृत्ती महिन्याला 1,400 युरो देते, पण त्या वर्षीच्या तुकडीसाठी ती उपलब्ध आहे का हे अर्जाआधी तपास; प्रवेश मिळणं आणि शिष्यवृत्ती मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाडची (जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची, DAAD) विकासविषयक अभ्यासक्रमांची एक योजना आहे, तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तुझा तो झालाय. तिची अभ्यासक्रमांची यादी ठरलेली असते, बोखुम विद्यापीठाचा डेव्हलपमेंट मॅनेजमेंटचा मास्टर्स त्यातला. इथे आल्यावर हाइनरिश ब्योल, रोझा लुक्सेम्बुर्ग, फ्रीडरिश एबर्ट, कोनराड आडेनाउअर या राजकीय पक्षांच्या जवळच्या प्रतिष्ठानांकडेही अर्ज करता येतो. त्यांना तुझी सामाजिक कामं आवडतील, पण मुलाखतीत जर्मन बोलावं लागण्याची तयारी ठेव. भारत सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप तुला लागू होत असेल तर तिचे नियम नीट वाच. 2022 मध्ये त्यांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. या विषयांवर परदेशात जाऊन काय शिकायचं, असा त्यामागचा युक्तिवाद. मला तो अजिबात पटलेला नाही, पण अर्ज तुझा आहे, विषय मांडताना हे ध्यानात असू दे.

नोकरी करत शिकता येतं, वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली मिळणारी कामं, त्यांना इथे ‘हिवी’ म्हणतात, या मर्यादेत मोजत नाहीत. पैसे फार नसतात, पण संशोधन प्रत्यक्ष कसं चालतं ते तिथे कळतं आणि शिफारसपत्रही तिथूनच मिळतं. गोदामातल्या रात्रपाळीपेक्षा हे कितीतरी बरं. पहिल्या सेमिस्टरला मात्र दोन्ही नकोत.

शिकण्याची पद्धत सवयीची नाही. 120 क्रेडिटांपैकी प्रत्येक क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम गृहीत धरलेलं असतं, आणि त्यातला मोठा भाग वर्गाबाहेरचा. आठवड्याला दीड-दोनशे पानं वाचून यायचं आणि वर्गात बोलायचं. नोट्स कुणी देत नाही. सेमिस्टर संपल्यावर, सुट्टी म्हणतात त्या काळात, प्रत्येक सेमिनारसाठी पंधरा-वीस पानांचा निबंध लिहायचा आणि त्याचा प्रश्न तूच शोधायचा. आपल्याकडची हुशार मुलं अडतात ती इथे. वॉलरस्टाइन, अप्पादुराई असे जागतिकीकरणाचे मोठे अभ्यासक काय म्हणाले हे ती सुरेख लिहितात, पण स्वतः काय म्हणायचंय ते शेवटच्या परिच्छेदापर्यंत येतच नाही. प्राध्यापकाला खोडून काढलेलं चालतं, पुरावा हवा. पद्धतीचं म्हणशील तर संख्याशास्त्र, नकाशांचं सॉफ्टवेअर किंवा मुलाखतींचं काटेकोर विश्लेषण यांतलं एक तरी नीट शिक, ऐच्छिक असलं तरी. आणि मराठी, हिंदी येतात हे लपवू नकोस. मजुरांशी दुभाष्याविना बोलू शकणारी विद्यार्थिनी मार्गदर्शकाला हवीच असते.

पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. सगळे ज्या संयुक्त राष्ट्रांच्या आणि जीआयझी या जर्मन सरकारच्या विकास-सहकार्य संस्थेच्या जागांकडे डोळे लावून बसतात, तिथे सध्या गर्दी फार आहे. जर्मनीनं विकास-सहकार्याचा निधी कमी केलाय आणि 2025 मध्ये अमेरिकेची परदेशी मदतीची संस्था यूएसएड बंद झाल्यापासून अनुभवी माणसंही त्याच रांगेत उभी आहेत. माझ्या ओळखीतल्यांना कामं मिळाली ती निर्वासितांच्या सल्ला केंद्रांत, नगरपालिकांच्या स्थलांतर विभागांत, पीएचडीच्या पगारी जागांवर, आणि कंपन्यांच्या पुरवठा साखळीवर लक्ष ठेवणाऱ्या विभागांत. 2023 पासून इथे मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांकडच्या मजुरांच्या हक्कांची काळजी घेणं कायद्यानं बंधनकारक झालं. त्या अटी सैल करण्याचं राजकारणही जोरात आहे, तरी तुझा अनुभव पाहता ही दिशा मी पहिली तपासेन. पीएचडी सोडली तर या सगळ्यांना जर्मन लागतं, कामचलाऊ नाही, बैठकीत वाद घालता येईल इतकं. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून जर्मन टाळणारे दोन वर्षं मजेत राहतात आणि मग अठरा महिन्यांत घाईघाईनं व्याकरण शिकतात. भारतातच ए2 पर्यंत, म्हणजे भाषेच्या दुसऱ्या पातळीपर्यंत, येऊन निघ, इथे दर सेमिस्टरला विद्यापीठाचा एक भाषावर्ग घेत राहा.

तेव्हा या महिन्यात एपीएसची कागदपत्रं गोळा कर आणि जर्मनचा वर्ग लाव. हेतुपत्राचा पहिला खर्डा झाला की पाठव. तो दोन पानांपेक्षा मोठा नको, आणि पहिल्या परिच्छेदात ‘जागतिकीकरण’ दिसलं तर तिथेच लाल शाई मारून परत पाठवीन.