दाढ काढली, म्हणून पाठ दुखते का?

प्रश्न : डावीकडची खालची पहिली दाढ चार वर्षांपूर्वी काढली, नवी बसवली नाही. उजवीकडूनच चावतो. सकाळी कानशिलं ठणकतात, तोंड उघडताना कानापाशी कट् वाजतं, पाठही भरून येते. एकांनी सांगितलं, दाढा मशीनने घासून वरखालचा चावा जुळवला की पाठ बरी होईल. जेवणानंतर सुपारी लागतेच. काय करावं?
— एक बागायतदार, श्रीवर्धन

उत्तर : दाढा घासून घेऊ नका. घासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही, आणि वाकड्या चाव्याने पाठ दुखते याला भक्कम पुरावा नाही. पाठ वेगळी दाखवा.

कानशिलांचं मात्र जबड्याशी नातं आहे. जबडा मिटणारा एक मोठा स्नायू कानशिलावरच पसरलेला असतो. झोपेत दात खाल्ले किंवा आवळले, की सकाळी तो ठणकतो. घरच्यांना विचारा, रात्री करकर ऐकू येते का. दिवसा ओठ मिटलेले, दात सुटे, अशी सवय लावा. एरवी दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना. दोन आठवडे मऊ भात, आमटी, मासे असं खा, चकली-चणे नकोत. कानशिलाला आणि गालाला पंधरा मिनिटं कोमट शेक द्या. तरी दुखलं तर दंतवैद्याकडून दातांचा साचा घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकची (प्लास्टिकची), रात्री दातांवर बसवायची पट्टी करून घ्या. ती दात झिजू देत नाही, आवळण्याची सवय मात्र मोडतेच असं नाही. नुसत्या कट् आवाजाला, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर, उपचार लागत नाही.

दाढेची जागा रिकामी राहिली की मागची दाढ पुढे कलते, वरची खाली उतरते. फटीत अन्न अडकून हिरडी सुजते, आणि नव्या दाढेला जागा उरत नाही. म्हणून एक्स-रे लवकर काढा. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या दाढेसाठी, ते दोन्ही दात घासावे लागतात; हाड पुरेसं असेल तर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून बसवलेली दाढ, बरं. मधुमेह असल्यास आधी साखर आटोक्यात आणा.

आता सुपारी. बाग तुमची असली तरी ती सोडाच. टणक सुपारीने दाढा झिजतात, तडकतात. आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. ती मावत नसतील, तिखटाने जळजळत असेल, गाल आतून पांढरट-ताठर झाले असतील, तर चाव्याचा विचार बाजूला ठेवून याच आठवड्यात तोंड दाखवा. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो.

आणि घाटी चढताना जबडा दुखत असेल आणि बसल्यावर दुखणं थांबत असेल, तर दाताच्या नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांकडे लगेच जा.