ग्रीनलँडचा बर्फ वितळल्यामुळे युरोप उलट थंड होऊ शकतो, हे खरं आहे का?

हो, होऊ शकतो, कारण तो बर्फ गोड्या पाण्याचा आहे आणि उत्तर अटलांटिकमधलं अभिसरण (समुद्राच्या पाण्याचं फिरत राहणं) बरंचसं खारटपणावर चालतं. दक्षिणेकडून आलेलं कोमट, खारट पाणी ग्रीनलँड-आइसलँडच्या आसपास गार होतं, जड होऊन बुडतं आणि खोलातून परत दक्षिणेला जातं. वर गोडं पाणी मिसळलं की हे बुडणं मंदावतं, मग दक्षिणेकडून येणारं कोमट पाणीही कमी होतं आणि युरोपला मिळणारी ऊब घटते. घरी बघायचं तर ग्लासातल्या मिठाच्या पाण्यावर रंगीत साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडा. ते वरच राहतं. जग तापत असताना ग्रीनलँडच्या दक्षिणेचा समुद्राचा एक तुकडा मात्र थंड झालाय, त्यामागे हेच असावं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. शिवाय अभिसरण मंदावलं की खोल समुद्रात जाणारा कार्बन डायऑक्साइडही घटतो, म्हणजे तापमानवाढीला आणखी हातभार. फक्त ‘गल्फ स्ट्रीम बंद पडणार’ छाप मथळे सोडून द्या, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून वाहणारा हा उबदार सागरी प्रवाह मुख्यतः वाऱ्यावर चालतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१च्या अहवालानुसार अभिसरण या शतकात मंदावण्याची दाट शक्यता आहे. २१००पूर्वी ते एकदम कोसळणार नाही, याची खात्री मात्र त्यांनी ‘मध्यम’च दिलीय.