एक व्यक्तिचित्र, दोन हात

प्रश्न : माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या इसाबेल क्लारा युजेनियाच्या व्यक्तिचित्राखाली रुबेन्स आणि यान ब्रूगेल (थोरला) अशी दोन चित्रकारांची नावं दिसतात. कुणी काय रंगवलं?

उत्तर : बाईसाहेब रुबेन्सच्या, मागचा देखावा ब्रूगेलचा. चित्र 1615च्या सुमाराचं. इसाबेल ही स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची मुलगी. नवरा आल्बर्ट याच्यासह ती स्पॅनिश नेदरलँड्सचा (साधारण आजच्या बेल्जियमचा) कारभार पाहत होती आणि हे दोघंही चित्रकार त्यांच्याच दरबाराचे. तिच्यामागे मारिमॉन्टचा वाडा आहे, आल्बर्टच्या जोडचित्रात टेर्व्यूरनचा. आपण कुणावर आणि कुठे राज्य करतो हे दाखवायचं, म्हणून व्यक्तिचित्र असूनही कॅनव्हास आडवा घेतला आहे: उंची सव्वा मीटरच्या आत, रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास. जवळ जाऊन पाहिलंत तर हात वेगळे कळतात. चेहऱ्यावर रुंद, एकमेकांत मिसळलेले फटकारे. झाडीत मात्र बारीक कुंचल्याचे सुटे ठिपके.

प्रश्न : मग दुसऱ्याचं काम रुबेन्स आपल्या नावावर खपवत होता का?

उत्तर : निदान 1618मध्ये डडली कार्लटन या इंग्रज मुत्सद्द्याला पाठवलेल्या चित्रांच्या यादीत तरी नाही. कुठलं चित्र पूर्ण आपल्या हातचं, कुठलं शिष्याने सुरू केलेलं, हे त्याने त्यात लिहिलं आहे. ग्रीक पुराणातल्या प्रॉमिथियसच्या चित्रातला गरुड प्राण्यांची चित्रं काढणाऱ्या स्नायडर्सचा, हेही नोंदवलं आणि किंमत 500 फ्लोरिन लावली. ब्रूगेल तर त्याचा शिष्य नव्हेच, बरोबरीचा मित्र. त्याची इटालियन पत्रं बऱ्याचदा रुबेन्स लिहून देई.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी याच पद्धतीने तैलरंगात एका सरदार स्त्रीचं व्यक्तिचित्र करणार आहोत. एकीला चेहरे जमतात, दुसरीला निसर्ग. क्रम काय ठेवावा?

उत्तर : आधी कागदावर तीन गोष्टी ठरवा: प्रकाश कुठून येतो, क्षितिज कुठे आहे आणि सर्वांत गडद छटा कोणती. दोघांनी मिळून केलेली बहुतेक चित्रं इथेच फसतात. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि झाडांवर उजवीकडून पडला की बाई पडद्यापुढे बसवल्यासारखी दिसते.

तयार कॅनव्हासवर रॉ अंबर (तपकिरी मातीचा रंग), थोडा पांढरा आणि टर्पेंटाइन यांचा पातळ तपकिरी-करडा हात द्या. दोन-तीन दिवसांत तो वाळतो. त्यावर अंबरनेच रेखाटन करा, दोघींनी मिळून. मग निसर्गवालीने आकृतीची जागा मोकळी ठेवून मागचा भाग मांडावा. कडेपाशी रंग अगदी पातळ हवा. जाड राहिला तर उंचवटा होतो आणि वरून कितीही रंगवलं तरी तिरप्या उजेडात तो दिसतोच. चेहरेवालीने आकृती त्या कडेवर दोन-तीन मिलिमीटर चढवावी. कडा ओली असतानाच निसर्गवालीने मागच्या रंगाचे चार-दोन फटकारे आत ओढले, की कात्रीने कापून चिकटवल्याचा भास जातो. त्या दिवशी मात्र दोघी एकाच वेळी हजर हव्यात.

पांढऱ्याबद्दल: त्या काळचा सफेदा शिशाचा, म्हणजे विषारी. टायटॅनियम घ्या, पण तो थंड आणि फार झाकणारा असतो. त्वचेसाठी त्यात चिमूटभर पिवळी माती (यलो ओकर रंग) मिसळा आणि सावलीत खालचा करडा थर उघडा राहू द्या.

काळा पोशाख हे दुसरं दुखणं. हाडांच्या कोळशाचा काळा फार सावकाश वाळतो. त्यात थोडा बर्न्ट अंबर (भाजलेल्या अंबर मातीचा रंग) घातला तर लवकर वाळतो. तरी दहा-पंधरा दिवस थांबा. घाईने वर लेस रंगवली तर वरचा थर आधी आवळतो आणि भेगा पडतात. खालचे थर टर्पेंटाइनचे, वरचे जवसाच्या तेलाचे, हा क्रम उलटला तरी तेच होतं.

लेसची भोकं मोजत बसू नका. वाळलेल्या काळ्यावर आधी करड्याची पारदर्शक झिलई द्या, मग उजेडाच्या बाजूलाच जाड पांढऱ्याच्या गाठी. कॉलर चेहऱ्याला खेटून असते, त्यामुळे सगळीकडे शुभ्र पांढरा लावलात तर गाल मळकट दिसतील.

प्रश्न : जुन्या चित्रांत हाताच्या बाजूला दुसऱ्याच बोटांची पुसट सावली दिसते ती का?

उत्तर : चित्रकाराने जागा बदललेली असते. तेलातला शिशाचा सफेदा काळानुसार पारदर्शक होत जातो आणि खालचा आधीचा हात वर डोकावतो.