मावशी रुसली ती पत्रिकेवरून

दिवाळीची सुट्टी संपली की, आणि मग पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये, लेख लिहायला मदत मागायला येणाऱ्या मुलांकडून, समोरच्या खुर्चीतून, एकच वाक्य ऐकू येतं. ‘सरांनी लिहिलंय, सारांश आहे, विश्लेषण नाही. पण मला काही सुचतच नाही.’ बोलणारी मुलं कला शाखेची, 19 ते 22 वयाची. घर बडोद्यात, दांडिया बाजारात, रावपुऱ्यात नाहीतर प्रतापनगरच्या बाजूला. घरात मराठी, शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातली. कवितेवर, लोकगीतावर, एखाद्या सणावर किंवा शहरावर दीड हजार शब्दांचा लेख लिहायचा असतो. ‘साहित्य, संस्कृती आणि समाज’ हे तीन शब्द विषयात दिसले की यांच्या पोटात गोळा येतो.

पुढची गोष्ट अशा चार-पाच मुलांची मिळून केलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. सोबत आई. आईच आधी बोलली, ‘मॅडम, हिला लिहायला बसवलं की हिचं डोकं दुखतं. हुशार आहे हो, पण मुद्दा सुचत नाही.’ विषय होता जात्यावरच्या ओव्यांमधलं स्त्रीजीवन. पाठ्यपुस्तकात 25 ओव्या. लेख लिहून झाला होता, 8 पानांचा, सुवाच्य अक्षरात.

तिला तीन रंगीत पेनं दिली. ओवीत काय म्हटलं आहे हे सांगणाऱ्या ओळींखाली हिरवी रेघ. दुसऱ्या कुणा अभ्यासकाने म्हटलेल्या ओळींखाली पिवळी. आणि जे वाक्य तिच्याशिवाय कुणी लिहिलं नसतं, त्याखाली गुलाबी. 8 पानांत गुलाबी ओळी निघाल्या चार, त्यातल्या तीन म्हणजे ‘या ओव्या हृदयस्पर्शी आहेत’ हेच वाक्य फिरवून फिरवून. ती गप्प झाली. मी काही बोलले नाही. हा खेळ कोणालाही घरी करता येतो आणि सरांच्या शेऱ्यापेक्षा तो जास्त शिकवतो, कारण रेघ आपणच मारलेली असते.

आधी मुलांचा आत्मविश्वास वाढवावा, मग लिहायला बसवावं, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मी उलटीकडून जाते. मोजता येईल एवढं छोटं काम हातात द्यायचं. हात चालला की मन मागून येतं.

दुसऱ्या भेटीत सुरुवातीचं पान काढलं. पहिला परिच्छेद सयाजीराव महाराजांवर. बडोद्यातल्या दहांपैकी सहा-सात लेखांची सुरुवात अशीच होते, विषय ओवी असो की गरबा. 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, 1906 मध्ये तो संस्थानभर, 1910 पासून ग्रंथालयांची चळवळ. सगळं खरं, आणि अभिमान वाटावा असंच. मी विचारलं, ‘हा परिच्छेद काढून टाकला तर पुढचं काय अडेल?’ ती म्हणाली, ‘काहीच नाही.’ मग तो काढायचा. संदर्भाने लेखात काम केलं पाहिजे. हाच 1906 चा संदर्भ कामाचा कधी होईल? ‘गाणाऱ्या बाईची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा ओवी कोणाच्या तोंडी राहिली?’ असा प्रश्न लेखात असेल तेव्हा. नाहीतर ओवीपुरता सगळ्यात कामाचा संदर्भ पिठाच्या गिरणीचा आहे. गिरणी आली, पहाटेचं दळण थांबलं, आणि ज्या श्रमाच्या लयीवर ओवी बसलेली होती तो श्रमच घरातून गेला.

हे तिला पटलं, पण लिहिता येईना. पुढच्या आठवड्यात आणलेलं पान तसंच होतं, फक्त सयाजीराव गेले होते.

तिसऱ्या भेटीला ती उशिरा आली. हातात पिशवी, पिशवीत लग्नपत्रिका. मोठ्या भावाचं लग्न होतं आणि येता येता दोन-चार घरं करून आली होती. लेख काढायच्या आधीच म्हणाली, ‘घरात नुसती कटकट चालू आहे. मावशी रुसलीय.’

‘का?’

‘पत्रिकेत नाव खाली छापलं.’

‘खाली म्हणजे?’

तिने पत्रिका उघडून माझ्यापुढे ठेवली आणि बोलत सुटली. आत्या आणि आत्याचे यजमान वर, मावशी खाली, कारण बाबांकडची माणसं आधी. मामाचं नाव मावशीच्या वर, वयाने लहान असूनही. काकूच्या नावामागे ‘श्रीमती’, बाकी सगळ्या ‘सौ.’. मग ती थांबली. ‘आणि हे बघा ना. सगळे पुरुष नुसते श्री. माझा तो चुलतभाऊ, त्याचं लग्न व्हायचंय, तो पण श्री. आमचे शेजारचे आजोबा, आजी जाऊन सहा वर्षं झाली, ते पण श्री. बाईचं मात्र नावाआधीच कळतं, लग्न झालंय, नाही झालं, नवरा आहे की गेला.’ तिने वधूच्या नावावर बोट ठेवलं. ‘दादा चि. आणि वहिनी चि. सौ. कां. लग्न व्हायच्या आधीच सौभाग्याची इच्छा छापून टाकली. दादाला तसली कुठली इच्छाच नाही.’

पिशवीत गुजराती कंकोत्रीही, म्हणजे लग्नपत्रिकाही होती, शेजाऱ्यांसाठी आणि दुकानातल्या लोकांसाठी. शेवटी घरातल्या बाळाच्या नावाने ‘जलूल जलूल आवजो’, म्हणजे बोबड्या बोलात ‘जरूर जरूर या’. मराठीत त्याच जागी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ ती म्हणाली, ‘दोन्हींत बोबडं बोलायला लहान मूलच लागतं. मोठ्यांनी आग्रह केला तर कमीपणा वाटत असेल.’

ती बोलत होती तेव्हा मी तिचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं लिहून घेत होते. कागद तिच्याकडे सरकवला आणि गुलाबी पेन दिलं. तिने वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गुलाबी रेघा.

‘हे कोणी शिकवलं तुला?’

‘शिकवलं कुठे? दिसतंच की.’

‘मग ओव्यांत का दिसत नाही?’

ती जरा वेळ पत्रिकेकडे बघत राहिली. म्हणाली, ‘ते तर सिलॅबसमधलं आहे ना.’

इतकी वर्षं हे काम करून मला जे नेमकं शब्दांत सापडत नव्हतं, ते या वाक्यात होतं. मुलांची निरीक्षणाची नजर शाबूत असते. त्यांनी फक्त जगाचे दोन भाग केलेले असतात. घरातल्या वस्तूकडे बघायची परवानगी आहे, टोमणा मारायची आहे, शंका घ्यायची आहे. अभ्यासक्रमातल्या वस्तूचं फक्त कौतुक करायचं. ओवी, अभंग, महापुरुष, सण यांच्यापुढे मुलं हात जोडून उभी राहतात, आणि हात जोडलेल्या माणसाला पान उलटता येत नाही. ‘सुचत नाही’ यातला मोठा वाटा त्या धाकाचा आहे. बुद्धीला उगाच दोष दिला जातो.

पत्रिकेच्या बाबतीत तिने नकळत काय केलं ते आम्ही कागदावर मांडलं. आधी एक जागा खटकली. मग ‘याऐवजी दुसरं काय असू शकलं असतं?’ हे तपासलं: बाईला ‘सौ.’, मग पुरुषाला काय? मग नियम कुठे मोडतो ते पाहिलं: लग्न न झालेला भाऊ, विधुर आजोबा. नियम मोडला नाही, म्हणून विधान भक्कम झालं. अपवाद शोधायची ही पायरी मुलं हमखास गाळतात, भीतीने. विधानाला मोडू शकेल असं उदाहरण लेखात स्वतः आणून ठेवलं, की परीक्षकाच्या हातातलं निम्मं हत्यार गळून पडतं.

त्यानंतर ओव्या. काम एकच: 25 ओव्यांत कोण कोण येतं ते मोजायचं. भाऊ 11 ओव्यांत निघाला, नवरा 2. मी विचारलं, ‘येतो म्हणजे कसा येतो?’ ती परत गेली आणि दोन दिवसांनी एक वाक्य घेऊन आली: ‘या ओव्यांत बाई भावाशी बोलते, नवऱ्याबद्दल बोलते.’ लेख या वाक्यावर उभा राहिला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज, शेजारी दळायला बसलेली जाऊ किंवा आतून ऐकणारी सासू, दूर असल्यामुळे ज्याला काहीही सांगता येतं असा भाऊ, हे सगळं त्या वाक्यामागून आपोआप आलं. समाज असा आला. ‘समाज स्त्रीला दुय्यम मानतो’ या वाक्यातून तो कधीच येत नाही. लेखात ‘समाज’ हा शब्द जिथे जिथे कर्ता आहे तिथे तो खोडून माणसाचं नाव घालून पाहावं: सासू, भटजी, छापखानेवाला, भाऊ. नाव घालता आलं नाही तर ते वाक्य पोकळ आहे. ‘स्त्रीवादी दृष्टिकोनातून पाहता’ हेही तसंच. पाहून काय दिसलं ते लिहिलं, की लेबल लागत नाही.

बाकी हिशेब सोपा आहे. 1500 शब्दांत प्रस्तावना 150, मुख्य तीन परिच्छेद प्रत्येकी 350, विरोधी उदाहरणाला 200, शेवट 100. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहायची, कारण काय म्हणायचंय ते त्याआधी आपल्यालाच माहीत नसतं. अवतरण दोन ओळींचं असेल तर खाली आपल्या निदान चार ओळी हव्यात, आणि त्या अवतरणातल्या एखाद्या शब्दाला हात लावणाऱ्या हव्यात. ओवीतली ‘मी’ म्हणजे दळणारी तीच बाई, असं धरून चालू नये. ओवी आईकडून, सासूकडून आलेली असते आणि दुसरीचं दुःखही गाते. मराठीत शब्द अडला तर टिपणं गुजरातीत काढावीत, इंग्रजीत काढावीत, घरच्या मिश्र बोलीत काढावीत. विचार एकदा कागदावर आला की भाषा नंतर नीट करता येते. मराठीत नीट लिहायचं म्हणून विचार थांबवून ठेवला तर दोन्ही जातं.

आयांनो, तुमच्यासाठीही एक. ‘चांगलं छान लिही’ असं म्हणू नका. ‘तुला यात काय खटकलं?’ एवढंच विचारा, आणि उत्तर उद्धट वाटलं तरी मध्ये बोलू नका.

लेख परत आला तेव्हा ती आनंदात असेल असं वाटलं होतं. आली ती वैतागून. ‘सारांश आहे’ हा शेरा नव्हता, गुण बरे होते, पण समासात पेन्सिलीने एक प्रश्न होता: ‘या 25 ओव्या निवडल्या कुणी?’ तिने पुस्तक उघडून दाखवलं. संपादकांनी ओव्या विषयवार लावल्या होत्या आणि ‘माहेर’ हा भाग सगळ्यात मोठा होता. भावाची संख्या 11 भरली ती त्यामुळे की काय, अशी तिला आता शंका.

‘मग आता?’

‘आता काय. दुसरीकडे मोजायला लागणार.’ हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत, हे तिने शोधून काढलं होतं. ‘सगळ्या नाही मोजणार,’ ती म्हणाली, ‘पण माहेराच्या बाहेरच्या शंभर तरी.’ आणि पिशवीतून ती तीन पेनं काढून टेबलावर ठेवली. गुलाबीची शाई संपली होती.